चेंबर फुटला म्हणजे

आमच्या सुप्याचे नाव इतिहासात ठळकपणे येते ते दोन कारणांनी. शहाजीराजांच्या जहागिरीत पुण्याच्या जोडीला सुपे होते, हे एक. आणि १२ मे १८७५ रोजी येथील बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे ओढून काढले व जाळले, हे दुसरे. दख्खनच्या दंग्यांची ठिणगी पडली ती येथेच. दोन्ही गोष्टी मी वर्गात शिकवतो. पण तिसरा एक इतिहास आहे, तो पाठ्यपुस्तकात नाही. तो आहे विहिरीवरच्या इंजिनाचा, आणि कर्जाशी त्याचेही नाते जवळचेच.

१८८५ साली नीरेचा डावा कालवा सुरू झाला आणि बारामतीच्या दक्षिणेकडील रानात ऊस डोलू लागला. सुपे राहिले जिरायतीत. येथे पाणी म्हणजे विहीर आणि मोट. मोट फाटली तर ती शिवणारा गावात, चाक मोडले तर सुतार गावात, कणा वाकला तर लोहाराचा भाता शेजारीच. दुरुस्ती उंबरठ्याबाहेर जात नसे.

इंजिन आले आणि ही सोय गेली. आरंभी ती विलायती होती; इंग्लंडातील डर्स्ली गावची लिस्टर कंपनी ६ अश्वशक्तीचे इंजिन करी, मिनिटाला ६५० फेऱ्यांचे, अगदी गजराजासारखे संथ. धनजीशा कूपर यांनी १९२२ मध्ये साताऱ्याकडे कारखाना काढला होता; पुढे तेथे इंजिनेही होऊ लागली. (हेच कूपर १९३७ साली मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान झाले, हे आज किती जणांना ठाऊक असेल?) १९४६ मध्ये किर्लोस्करांची ऑईल इंजिन कंपनी खडकीस उभी राहिली. तिचे ५ अश्वशक्तीचे इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेई, म्हणजे सेकंदाला पंचवीस!

हा वेग ध्यानात ठेवा. इंजिनाच्या पोटात क्रँक फिरतो, त्याच्या दोन्ही टोकांना आधार देणारी आणि तळाशी तेल साठवणारी बिडाची पेटी म्हणजे क्रँककेस; आमच्याकडे तिला सरळ ‘चेंबर’ म्हणतात. तेल आटले, बेरिंग जळून धरले, किंवा कनेक्टिंग रॉडचा बोल्ट तुटला, की तोच रॉड आतून घणासारखा चेंबरवर आदळतो. रिंगा बदलता येतात, पिस्टन मिळतो. चेंबर फुटला म्हणजे मात्र इंजिनाचा कणाच मोडला. आणि बीड लोखंडासारखे ठोकून सरळ होत नाही, ते तडकते.

आमच्या आजोबांच्या इंजिनाचे असेच झाले. कांदा भरात, विहिरीला पाणी, आणि कर्जाचे हप्ते अजून बाकी. हप्त्याला इंजिन बंद असल्याचे काय सांगणार! मिस्त्रींनी आधी चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडले, तेथून पुढे ती पळू नये म्हणून. मग पत्र्याचे ठिगळ स्क्रूने बसवले. त्याने कांदा निघाला, पण तेल झिरपतच राहिले. बिडाला जोड द्यायचा तर आधी ते तापवावे लागते आणि नंतर राखेत हळूहळू निवू द्यावे लागते. मिस्त्रींचा त्यावर विश्वास नव्हता. ‘बेरिंगच्या घरापाशी चीर गेली, तर जोडाचं काम नाही मास्तर,’ असे ते माझ्या वडिलांना म्हणाले.

शेवटी भंगारातल्या त्याच जातीच्या इंजिनाचा चेंबर आला. पाहिले काय, तर चिरा आणि बेरिंगची घरे. मग रॉकेलने धुणे, नवे बुश, नवे पॅकिंग. क्रँक बसवल्यावर मिस्त्री तो एका बोटाने फिरवून पाहत. अडला तर पुन्हा खोलत. क्रँकच्या आणि कॅमच्या दात्यांवरच्या खुणा जुळवल्याशिवाय झाकण लावू देत नसत. एक दाता चुकला की व्हॉल्व्ह अवेळी उघडणार. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी हँडल मारले, आणि दंडाला पाणी लागले.

मला मोठे वाटते ते हे, की कारखान्याने एकसारखे भाग केले म्हणूनच एका इंजिनाचे पोट दुसऱ्याला बसले, आणि मोटेबरोबर गावाबाहेर गेलेली दुरुस्ती पुन्हा गावात आली. पुढे विजेच्या मोटारी आल्या, जनाई-शिरसाई उपसा योजनेचे पाणीही या भागात आले. आजोबांचे हप्ते त्याआधीच फिटले होते. ठिगळाचा जुना चेंबर गोठ्याच्या भिंतीला उलटा ठेवला होता. त्याच्यावर बसून आजोबा दाढी करीत.