अंगठी हरवलेल्या शकुंतला

शकुंतलेची गोष्ट मराठी माणसाला नव्याने सांगावी लागत नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेव्हापासून तर ती आपल्या घरचीच लेक झाली आहे. पण आज मला त्या गोष्टीकडे प्रणयाची नव्हे, पुराव्याची गोष्ट म्हणून पाहायचे आहे. भर दरबारात उभी राहून एक गर्भवती स्त्री म्हणते, मी या राजाची पत्नी. राजा विचारतो, पुरावा काय? लग्न गांधर्व, त्याला ना भटजी, ना वऱ्हाडी, ना अक्षता. एक अंगठी तेवढी होती, ती वाटेत पाण्यात पडली. महाभारतातल्या मूळ कथेत ही अंगठी नाहीच. तिथे आकाशवाणी होते आणि शकुंतला खरी ठरते. अंगठी घातली ती कालिदासाने. जगाचा व्यवहार त्याला पुरता ठाऊक असला पाहिजे. आकाशवाणी काही दर वेळी होत नाही. दरबाराला हातात धरून पाहता येईल अशी वस्तू लागते.

गेल्या सव्वाशे वर्षांत जगातल्या बंदरांवर आणि विमानतळांवर अशा कितीतरी शकुंतला उभ्या राहिल्या. त्यांच्यापुढे दुष्यंत नव्हता. तो बिचारा आतल्या बाजूला वाट पाहत होता आणि ‘होय, ही माझी बायको’ म्हणून ओरडून सांगत होता. मधे उभा होता तो अंमलदार. त्याला अंगठी हवी होती. ती कोणत्या घडणीची हवी, हे मात्र प्रत्येक देशाने आणि प्रत्येक काळाने वेगवेगळे ठरवले. त्या मागणीचा इतिहास मोठा बोलका आहे.

हा प्रश्न उपजला कसा, ते आधी पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका या देशांनी आशियातल्या माणसांना आपली दारे बंद करण्यास आरंभ केला. पण जे आधीच आत येऊन स्थायिक झाले होते, त्यांच्या बायकामुलांसाठी काही ठिकाणी एक खिडकी उघडी ठेवावी लागली. दार बंद आणि खिडकी उघडी म्हटल्यावर सगळी गर्दी खिडकीशी होणार. आणि खिडकीशी बसलेला कारकून प्रत्येकीला विचारणार, की बाई, तू खरोखरच बायको का? जी गोष्ट एरवी गावाला, भावकीला आणि शेजारणींना ठाऊक असते, तिचा निवाडा सरकारी टेबलावर होऊ लागला तो असा.

सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात एंजल आयलंड नावाचे बेट आहे. १९१० ते १९४० या काळात तिथे उतारूंची तपासणी होई आणि चिनी माणसांना त्यासाठी कित्येक दिवस, कधी महिनेही, कोंडून ठेवत. मुलाला आणि बापाला, बायकोला आणि नवऱ्याला वेगवेगळे बसवून तेच ते प्रश्न विचारायचे: घराला पायऱ्या किती? गावात घरांच्या रांगा किती? तांदळाची कोठी कुठे ठेवता? उत्तरे जुळली तर नाते खरे. आता आपल्या घराच्या जिन्याला पायऱ्या किती, हे वाचकांनी मनाशी सांगून पाहावे आणि मग मोजून यावे! खोटे नाते सांगणारे घोकून येत आणि पार होत. खरे नाते असलेला एखादा गांगरे आणि अडके. जपानी मुलींची तऱ्हा आणखी निराळी. त्यांची लग्ने फोटो पाहून ठरत आणि घराण्याच्या नोंदवहीत नाव चढले की जपानी कायद्याने पुरी होत. हे लग्न अमेरिकी अंमलदारांना कित्येक वर्षे मान्य नव्हते. म्हणून बोटीतून उतरलेल्या नवऱ्यांमुलींची, ज्यांना त्या आयुष्यात प्रथमच पाहत होत्या त्या नवऱ्यांशी, बंदरावरच पुन्हा लग्ने लावीत.

पण या इतिहासातले सर्वांत तेजस्वी पान आपल्या माणसांनी लिहिले आहे, आणि ते दक्षिण आफ्रिकेतले आहे.

१४ मार्च १९१३ या दिवशी केप प्रांताच्या न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांनी एक निकाल दिला. हिंदुस्थानातून आपल्या नवऱ्याकडे आलेल्या बाई मरियम या मुसलमान स्त्रीच्या प्रवेशाचा तो खटला होता. ती बायको नाही असे कोणी म्हणत नव्हते. निकाह झाला होता, नवरा तिला न्यायला उभा होता. न्यायमूर्तींचे म्हणणे असे की, ज्या धर्मात एकाहून अधिक बायका करण्याची मुभा आहे, त्या धर्माच्या विधीने लागलेले लग्न या देशाच्या कायद्याने लग्नच नव्हे. नवऱ्याला बायको एकच असली तरी फरक नाही. त्या काळी हिंदूंनाही बहुपत्नीत्वाची मुभा होती. म्हणजे एका फटक्यासरशी तिथल्या बहुतेक हिंदी बायका कायद्याच्या लेखी बायका उरल्या नाहीत आणि त्यांच्या मुलांच्या वारसाहक्कावर प्रश्नचिन्ह लागले. सप्तपदी झालेली, मंगळसूत्र घातलेली, चार लेकरांची आई एका सकाळी उठते आणि तिला समजते की आपण कोणाच्या कोणी नाही!

पुरावा कमी पडणे ही एक गोष्ट, आणि तुमचा पुरावा हा पुरावाच नव्हे असे सांगणे ही अगदी दुसरी. पहिल्याने माणूस खट्टू होतो. दुसऱ्याने त्याचा अपमान होतो. गांधीजींनी हे नेमके ओळखले. तोवर त्यांच्या सत्याग्रहात स्त्रियांनी तुरुंगात जाण्याचा प्रश्न आला नव्हता. आता तो आला, कारण अपमान थेट त्यांचाच होता. सप्टेंबर १९१३ मध्ये फिनिक्स आश्रमातून सोळा जणांची पहिली तुकडी परवान्यावाचून ट्रान्सवालची हद्द ओलांडण्यास निघाली. तीत चार स्त्रिया होत्या आणि त्यांतल्या एक कस्तुरबा. २३ सप्टेंबरला त्यांना तीन महिने सक्तमजुरीची शिक्षा झाली. ज्या बाईला कायदा बायको मानीत नव्हता, ती तो कायदा मोडून तुरुंगात गेली.

टॉल्स्टॉय फार्मवरच्या तमिळ स्त्रिया तर नाताळमधल्या न्यूकॅसलच्या कोळशाच्या खाणींवर गेल्या. त्यांनी खाणमजुरांना काम थांबवण्याचे आवाहन केले आणि हजारो मजूर संपावर गेले. करारातून सुटलेल्या मजुरांवर लादलेला तीन पौंडांचा कर हेही या लढ्याचे मोठे कारण होते. ६ नोव्हेंबरला गांधीजींबरोबर ट्रान्सवालकडे निघालेल्या मोर्चात दोन हजारांहून अधिक पुरुष, १२७ बायका आणि ५७ मुले होती. इकडे आपले गोपाळ कृष्ण गोखले, जे आदल्याच वर्षी तो देश पाहून आले होते, प्रकृती खालावलेली असताना सत्याग्रहासाठी निधी जमवीत होते. तिकडे वल्लिअम्मा नावाची सोळा वर्षांची मुलगी तुरुंगातून तापाने फणफणत बाहेर आली आणि २२ फेब्रुवारी १९१४ रोजी गेली. तिचे स्वतःचे लग्न झालेले नव्हते. आपल्या आयाबहिणींच्या लग्नांसाठी ती तुरुंगात गेली होती.

१९१४ साली ‘इंडियन रिलीफ ॲक्ट’ झाला. तीन पौंडांचा कर गेला. आपल्या धर्मविधीने लागलेले एकपत्नी लग्न मान्य झाले आणि हिंदी पुरोहितांना विवाह-अधिकारी नेमण्याची सोय झाली. अग्नीची साक्ष सरकारदरबारी रुजू झाली म्हणा ना!

पण इतिहास एकदा शिकलेला धडा दर पिढीला विसरतो. १९७९ च्या जानेवारीत लंडनच्या हीथ्रो विमानतळावर पस्तीस वर्षांची एक हिंदी शिक्षिका उतरली. ती आपल्या नियोजित वराशी लग्न करायला आली होती आणि तसे तिने सांगितले. पण ती आधीच विवाहित असून खोटे बोलते आहे, असा तिथल्या अंमलदारांना संशय आला. त्यांनी डॉक्टरकडून तिच्या कौमार्याची तपासणी करवली. वर्तमानपत्रात बातमी आली, दोन्ही देशांत संताप उसळला आणि ती पद्धत बंद करण्यात आली. असे प्रकार परदेशांतल्या ब्रिटिश कचेऱ्यांतही घडले होते, हे पुढे सरकारी कागदपत्रांतून बाहेर आले. तपासणीमागची समजूत पाहा: हिंदी मुलगी लग्नाआधी कशी असते हे आम्हाला ठाऊक आहे, सबब तिच्या शब्दापेक्षा तिचे शरीर अधिक खरे. दुष्यंताने अंगठी मागितली होती. याहून खाली तो उतरला नव्हता.

पुढे ब्रिटनने एक नवा नियम कडक केला. परदेशातून येणाऱ्या नवऱ्याने सिद्ध करायचे की, आपल्या लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये राहायला मिळणे हा नव्हता. ‘हेतू होता’ हे सरकारने दाखवायचे नाही. ‘नव्हता’ हे नवऱ्याने दाखवायचे. आता, ‘नाही’ कसे दाखवणार? आईबापांनी ठरवलेल्या लग्नात वधूवरांना एकमेकांविषयी सांगण्याजोगे फारसे काही नसते, ही तर आपली जुनी रीत. नेमकी तीच त्यांच्या विरुद्ध जाई. मग पत्रे, टेलिफोनची बिले, भेटींची तिकिटे असा सगळा जुडगा घेऊन निवाड्यापुढे उभे राहायचे. हा नियम बायकांच्या बाबतीत सौम्य आणि नवऱ्यांच्या बाबतीत कठोर होता. तीन स्त्रिया युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेल्या आणि २८ मे १९८५ रोजी जिंकल्या. हा लिंगभेद आहे, असे न्यायालयाने सांगितले. सरकारने भेद मिटवला खरा. कसा, तर नवऱ्यांना सवलत देऊन नव्हे, बायकांनाही तितकेच कठोर नियम लावून! १९९७ साली सरकार बदलले तेव्हा हा ‘मुख्य हेतू’ गेला.

आता आजच्या काळाकडे येऊ. आपल्यापैकी कितीतरी घरांतली मुले सिडनी-मेलबर्नला आहेत. ऑस्ट्रेलियात जोडीदाराचा व्हिसा मागणाऱ्यांचे नाते चार अंगांनी पाहावे, असे तिथले १९९४ चे नियम सांगतात: पैशाचा व्यवहार, घरातली मांडणी, लोकांतली ओळख आणि एकमेकांशी असलेली बांधिलकी. नाते ओळखणाऱ्या माणसांची प्रतिज्ञापत्रेही जोडतात. लग्न न करता एकत्र राहणारी जोडपी, समलिंगी जोडपी, सर्वांना हीच मोजपट्टी. एंजल आयलंडच्या पायऱ्यांपुढे आणि हीथ्रोच्या त्या खोलीपुढे ही पद्धत पुष्कळच माणुसकीची आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

तरीही या चार अंगांवर मी सहज माझ्या आजी-आजोबांना तपासून पाहिले. पैशाचा व्यवहार? आजोबांचा पगार पणजीच्या ट्रंकेत जाई. आजीचे नाव कोणत्याही बँकेत नव्हते. घरातली मांडणी? सोळा माणसांच्या वाड्यात ती माजघरात निजे आणि ते ओटीवर. लोकांतली ओळख? चारचौघांत ती दोघे एकमेकांशी बोलत नसत. आजी तर नवऱ्याचे नाव घ्यायची ते मंगळागौरीला, तेही उखाण्यात. अंमलदारापुढे ‘पतीचे नाव’ या प्रश्नाला ती पदर तोंडाला लावून हसली असती. पत्रव्यवहार? एकाच वाड्यात कोण कोणाला पत्र लिहिणार? फोटो एकच, तोही लग्नानंतर नऊ वर्षांनी काढलेला, मधे तीन मुले आणि दोघांचीही तोंडे दोन दिशांना. चारही अंगांनी नापास! आणि तरी आजोबा गेल्यावर आजीने चहात साखर घातली नाही. का, ते कोणी विचारले नाही आणि तिने सांगितले नाही. ही बांधिलकी कोणत्या रकान्यात लिहायची?

आपल्याकडचा कायदाही बराच काळ आजीच्याच बाजूचा होता. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानुसार, जिथे सप्तपदीची रीत आहे तिथे सातवे पाऊल पडले की लग्न पुरे होते. नोंदणी केली नाही म्हणून ते रद्द होत नाही. सर्व धर्मांच्या लग्नांची नोंदणी सक्तीची करा, असे सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना सांगितले ते २००६ साली. त्यामागे मुख्य विचार स्त्रियांच्या रक्षणाचा होता: नवरा उलटला तर बाईच्या हाती कागद हवा. कागद हा निव्वळ शत्रू नव्हे. शकुंतलेपाशी तो असता तर तिचा सहावा-सातवा अंक टळला असता!

सरकारची बाजूही ऐकली पाहिजे. पैसे घेऊन केलेली खोटी लग्ने असतात आणि त्यांत भोळ्या मुली फसतात. अमेरिकेने अशांना आळा घालण्यासाठी १९८६ साली कायदा केला: नव्या लग्नाच्या जोडीदाराला दोन वर्षे कच्चा परवाना, मग पक्का हवा तर दोघांनी मिळून अर्ज करायचा. हेतू वाईट नव्हता. पण मार खाणाऱ्या बायकोने काय करायचे? तिच्या परवान्याची किल्ली मारणाऱ्याच्याच खिशात. शेवटी १९९० आणि १९९४ साली अशा स्त्रियांना नवऱ्याच्या सहीवाचून सुटण्याच्या वाटा कायद्यात कराव्या लागल्या. खोटी लग्ने पकडायला टाकलेल्या जाळ्यात खरी, पण दुःखी लग्ने अडकली होती.

या सगळ्यातून मला दिसते ते एवढेच. प्रत्येक दरबार आपल्याच लोकांच्या संसारातून जी खूण सहज मागे उरते, तीच खूण परक्याकडे मागतो. केपच्या न्यायमूर्तींना चर्चमधल्या लग्नाची खूण हवी होती, आजच्या कचेरीला दोघांच्या नावचे खाते हवे. खूण नसली म्हणजे नाते नाही, असे मात्र नव्हे. म्हणून पुरावा जरूर मागावा. पण न सापडलेल्या अंगठीवरून शकुंतला खोटी ठरवू नये. तिला एवढे विचारावे, की बाई, तुमच्या घरी हे नाते कशावरून ओळखतात?

आणि परदेशी निघालेल्या लेकीसुनांना वडीलधाऱ्या माणसाचा एक सल्ला. लग्नपत्रिका जपून ठेवा, नोंदणीचा दाखला काढून ठेवा, यंदाच्या दिवाळीत पाडव्याच्या ओवाळणीचा फोटोही खुशाल काढा. मात्र कागद कितीही जमले तरी त्यांना संसार समजू नका. ते अंगठीसारखे आहेत, एखादे वेळी पाण्यात पडायचेच. त्यानंतर जे उरेल, त्याच्यासाठीच एके काळी कस्तुरबा तुरुंगात गेल्या होत्या.