सेंट अँड्र्यूज चर्च, मुंबई

मुंबईच्या फोर्ट भागात नौदल गोदीच्या लायन गेटसमोर उभे असलेले स्कॉटिश प्रेस्बिटेरियन प्रार्थनामंदिर. ईस्ट इंडिया कंपनीच्या 1813 च्या सनदेनंतर प्रत्येक इलाख्यात एक स्कॉटिश धर्मोपदेशक नेमण्यात आला. मुंबईत जेम्स क्लाऊ आले आणि 1819 मध्ये हे मंदिर प्रार्थनेसाठी खुले झाले. अँग्लिकन पंथाचे सेंट थॉमस चर्च तेथून जवळच असले, तरी बिशपची सत्ता न मानणाऱ्या स्कॉटिशांना स्वतःची जागा हवी होती.

दर्शनी भागी खांबांची देवडी आणि तिच्यावर निमुळता मनोरा, ही रचना लंडनमधील जेम्स गिब्जकृत सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स (1726) या अँग्लिकन चर्चच्या परंपरेतली. मनोरा पुढे 1823 मध्ये जोडला. 1826 मध्ये वीज पडून तो कोसळला आणि लगेच पुन्हा बांधला गेला. इंग्लंडमधील राजधर्माबाहेरच्या पंथांना मात्र 1689 च्या सहिष्णुता कायद्यानंतरच उघडपणे उपासनागृहे बांधता आली. त्यांची चॅपेले बहुधा बिनमनोऱ्याची, घरासारखी साधी. बाहेरून वेगळी असली, तरी या चॅपेलांचे आणि सेंट अँड्र्यूजचे नाते आतल्या मांडणीत दिसते. तेथे भर वेदीपेक्षा व्यासपीठावर, कारण उपासनेचा गाभा प्रवचन हाच. विधीपेक्षा शब्दाला मान देणारी ही वास्तुदृष्टी बाहेरच्या भव्य देवडीइतकीच महत्त्वाची आहे.

1843 मध्ये स्कॉटलंडचे चर्च दुभंगले, तेव्हा मुंबईतील स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन त्यातून फुटलेल्या फ्री चर्चमध्ये गेले. त्या शाखेचे मराठी उपासनास्थान म्हणजे गिरगावातील अंब्रोली चर्च. मुंबईतील वास्तूंच्या अभ्यासकाने सेंट अँड्र्यूज आणि अंब्रोली ही दोन्ही चर्चे एकत्र पाहावीत.