6 डिसेंबर, टाडा आणि कलम 22

दरवर्षी 6 डिसेंबरला आम्ही दादरला येतो, चैत्यभूमीवर बाबासाहेबांना अभिवादन करतो. 1992 साली याच दिवशी बाबरी मशीद पाडली गेली आणि मुंबई पेटली. श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे डिसेंबर-जानेवारीच्या दंगलींत 900 माणसे मेली. त्यांत 575 मुसलमान आणि 275 हिंदू होते. मग 12 मार्च 1993 चे बॉम्बस्फोट झाले. इथे दादरलाच प्लाझा सिनेमा आणि सेनाभवनाजवळचा पेट्रोल पंप हादरला. शहरभर 257 जीव गेले.

दोन्ही गुन्हे भयंकर होते. पण स्फोटांच्या खटल्याला टाडा लागला आणि 100 जण दोषी ठरले. दंगलींचे बहुतेक गुन्हे साध्या कायद्याखाली राहिले आणि शेकडो फाईली बंद झाल्या. स्फोट करणाऱ्यांना शिक्षा व्हायलाच हवी होती. आमचा सवाल एवढाच, की दंगलखोरांसाठी सरकारी यंत्रणेचा हात इतका आखडता का?

टाडात पोलीस अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब पुरावा ठरायचा. 1995 मध्ये टाडा संपला, पण ही तरतूद 1999 च्या मकोकात आली. 11 जुलै 2006 च्या लोकल स्फोटांत मकोका लावून 13 मुसलमानांवर खटला चालला. शिक्षक अब्दुल वाहिद शेख 9 वर्षांनी निर्दोष सुटले. उरलेल्या 12 जणांपैकी पाच जणांना फाशी झाली. त्यांतला एक 2021 मध्ये तुरुंगातच वारला. 21 जुलै 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ते कबुलीजबाब नाकारले आणि बाराही जणांना निर्दोष ठरवले. सरकार अपिलात गेले आहे. पण ती 19 वर्षे कोण परत देणार? आणि मेलेल्यांच्या घरच्यांना न्याय कुठे मिळाला?

अभ्यासवर्गात पोरे विचारतात, "मुसलमानांच्या खटल्यांचे आपल्याला काय?" उत्तर आपल्याच घरात आहे. बाबासाहेबांचे नातजावई आनंद तेलतुंबडे यूएपीएखाली 14 एप्रिल 2020 ला, भीमजयंतीच्या दिवशी, एनआयएच्या स्वाधीन झाले. जामीन मिळून ते तळोजातून बाहेर आले तो दिवस होता 26 नोव्हेंबर 2022, संविधान दिन. मुसलमानाला 'दहशतवादी' म्हणणारे बोट आंबेडकरी माणसाला 'शहरी नक्षल' म्हणायला वेळ लावत नाही. जुलै 2025 मध्ये विधिमंडळाने मंजूर केलेले जनसुरक्षा विधेयकही त्याच वाटेचे आहे.

सप्टेंबर 1949 मध्ये बाबासाहेबांनी संविधान सभेत आजचे कलम 22 मांडले: अटकेचे कारण सांगा, पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ द्या, 24 तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करा. त्यांनी ते जात-धर्म विचारून लिहिले नव्हते. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेला त्याच कलमात जागा राहिली, ही त्या काळाची तडजोड. आज त्या अपवादालाच नियम केले जात आहे.

म्हणून येत्या 6 डिसेंबरला अभिवादन करून परतताना बाबरीचा दिवसही आठवू या. शेजारच्या मुसलमान वस्तीतल्या पोराला उचलले, तर त्याचे नाव न विचारता पोलीस ठाण्यात जाऊ या आणि कलम 22 मागू या. त्याच्यासाठी मागितलेले संरक्षण उद्या आपल्याच पोराच्या कामी येणार आहे.

जय भीम!