मावळातील उन्हाचे गणित

कार्ले, भाजे आणि बेडसे ही मावळातील तीन लेणी परस्परांपासून फार दूर नाहीत. पण त्यांचे छायाचित्र टिपण्याची वेळ मात्र एक नाही. कार्ले व भाजे येथील लेण्यांची तोंडे पश्चिमेकडे आहेत, तर बेडशाच्या लेण्याचे तोंड पूर्वेकडे. सकाळी कार्ल्यास पोहोचणाऱ्या छायाचित्रकाराला देशातील सर्वांत मोठ्या कोरीव चैत्यगृहाचा दर्शनी भाग सावलीत सापडतो आणि दुपारनंतर बेडसे गाठणाऱ्याच्या पदरीही तेच पडते. प्रकाश कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कोणत्या दिशेने येणार याचे उत्तर खगोलगणितात आहे आणि ते गणित मांडणाऱ्या छोट्या संगणक आज्ञावली विनामूल्य मिळतात.

'सनवेट' ही त्यांपैकीच एक. तिला चित्रे नाहीत, बटणे नाहीत. संगणकाच्या कमांड लाइनवर तिचे नाव, योग्य पर्याय आणि ठिकाणाचे अक्षांश-रेखांश टंकलिखित केले, की सूर्योदय, सूर्यास्त व संधिप्रकाशाच्या वेळा समोर येतात. हवी असल्यास पुढील अनेक दिवसांची यादीही मिळते. ठरलेली वेळ येईपर्यंत थांबून मगच पुढची आज्ञा संगणकाकडे सोपविण्याची सोय तिच्यात आहे. नावाचा उगम तोच. तिच्या मुळाशी स्वीडनचे पॉल श्लिटर यांनी लिहिलेले आणि डिसेंबर १९९२ मध्ये सर्वांसाठी खुले केलेले गणित आहे. इंटरनेट नसतानाही ते चालते, हा डोंगरदऱ्यांत मोठाच लाभ.

मात्र यंत्राला ठिकाण सांगण्यात हयगय चालत नाही. अक्षांश-रेखांश न दिल्यास सनवेट इंग्लंडमधील बिंगहॅम या गावाचे ठिकाण गृहीत धरते. लोणावळ्यासाठी १८.७५ अंश उत्तर आणि ७३.४१ अंश पूर्व हे आकडे पुरेसे अचूक आहेत. संगणकाचे घड्याळ भारतीय प्रमाणवेळेवर आहे की नाही, हेही आधी पाहून घ्यावे. अन्यथा उत्तर साडेपाच तासांनी चुकू शकते.

भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर ठरते. लोणावळा त्याच्या सुमारे ९ अंश पश्चिमेस असल्याने येथे सूर्य सरासरी ३६ मिनिटे उशिरा माथ्यावर येतो. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार असून तिचा अक्ष कललेला असल्यामुळे ही वेळही वर्षभर स्थिर राहत नाही. फेब्रुवारीच्या मध्यास येथील खरी मध्यान्ह १२ वाजून ५० मिनिटांच्या सुमारास, तर नोव्हेंबरच्या आरंभी १२ वाजून २० मिनिटांच्या सुमारास होते.

याचा परिणाम अनेकांना चकवतो. २१ जूनला लोणावळ्यात सूर्योदय सुमारे ६ वाजता व सूर्यास्त ७ वाजून १६ मिनिटांनी होतो. २१ डिसेंबरला याच वेळा सुमारे ७.०५ व ६.०५ अशा असतात. परंतु सर्वांत लवकर होणारा सूर्यास्त डिसेंबरात नसून नोव्हेंबरच्या अखेरच्या आठवड्यात, सहाच्या किंचित आधी असतो. आणि सर्वांत उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या मध्यास, ७ वाजून १२ मिनिटांच्या सुमारास.

छायाचित्रकारांचा जिव्हाळ्याचा विषय म्हणजे 'गोल्डन अवर'. सूर्य क्षितिजापासून ६ अंशांहून खाली आला, की ऊन मऊ व तांबूस होते. लंडनमध्ये मार्च महिन्यात हा टप्पा सूर्यास्तापूर्वी सुमारे ४४ मिनिटे लाभतो. मावळात सूर्य अधिक सरळ खाली उतरतो, त्यामुळे तो अर्ध्या तासातच सरतो. २१ मार्चला लोणावळ्यात ही वेळ ६ वाजून १८ मिनिटांनी सुरू होते, ६.४७ ला सूर्यास्त होतो आणि ७.०९ ला नागरी संधिप्रकाश संपतो. 'तास' या शब्दावर विसंबून निघालेला माणूस अर्धी संधी वाटेतच गमावतो.

वेळेइतकीच दिशाही महत्त्वाची. सूर्यास्ताचे स्थान जूनमध्ये पश्चिमेच्या उत्तरेस सुमारे २५ अंश, तर डिसेंबरात जवळपास तितकेच दक्षिणेस असते. पायथन भाषेतील 'अ‍ॅस्ट्रल' हा संच वापरून चार ओळींची आज्ञावली लिहिली, तर सूर्याची दिशा व उंची कोणत्याही क्षणासाठी मिळते. भाजे येथील चैत्यगृहाचा दर्शनी भाग खुला असल्याने मावळतीकडील तिरपे ऊन आत शिरते. मार्च व सप्टेंबरात सूर्य जवळजवळ थेट पश्चिमेस मावळतो. त्यांतही आकाश निरभ्र असण्याची शक्यता मार्चमध्ये अधिक. बेडशाच्या चैत्यगृहासमोर मात्र खडक तसाच राखलेला असून अरुंद वाटेने आत जावे लागते. तेथे सूर्योदयाची वेळ जाणणे पुरेसे नाही.

येथेच गणिताची मर्यादा येते. आज्ञावली सपाट क्षितिज धरून चालते. मावळात क्षितिजावर डोंगर असतात. डोंगराच्या प्रत्येक अंश उंचीमागे पहिले ऊन साधारण ४ ते ५ मिनिटे उशिरा पोहोचते. उलट, टायगर पॉइंटसारख्या उंच कड्यावरून खालच्या कोकणापलीकडे मावळणारा सूर्य सुमारे ३ मिनिटे अधिक दिसू शकतो. पावसाळ्यातील ढग-धुके तर कोणत्याही आकडेमोडीत बसत नाहीत. म्हणून मिळालेल्या वेळा अंतिम न मानता एकदा जागेवर पडताळून पाहाव्यात.

या आकड्यांचा सर्वांत मोलाचा उपयोग कदाचित छायाचित्राचा नसेल. लोणावळ्यात सूर्यास्तानंतर नागरी संधिप्रकाश अवघा २२ ते २४ मिनिटे टिकतो. लोहगडावर विंचूकाट्याच्या टोकाशी सूर्यास्त टिपणाऱ्याला तेथून परतून चार दरवाजांच्या पायऱ्या उतरायच्या असतात आणि तेवढ्या वेळात ते साधत नाही. निघण्यापूर्वी सूर्यास्ताबरोबर संधिप्रकाशाचा आकडाही टिपून घ्यावा आणि विजेरी सोबत ठेवावी.