विणकराचे बेट

लग्नानंतर जोडप्याने चार दिवस कोठे जावे, या प्रश्नाला आपल्या गावांत एके काळी महाबळेश्वर आणि माथेरान एवढीच उत्तरे होती. आज ज्यांना परवडते त्यांच्या तोंडी मालदीवचे नाव असते. पांढरी वाळू, निळे पाणी, माडांची सावली आणि अवघ्या बेटावर आपण दोघेच, अशी ती कल्पना. तिला आम्ही नावे ठेवणार नाही. कचेरी आणि स्वयंपाकघर यांत वर्षभर पिचलेल्या दोन जीवांना थोडा निवांतपणा मिळावा, यात गैर ते काय? तथापि इतिहासाला एक प्रश्न विचारावासा वाटतो. हे दोघांचेच बेट निसर्गाने तयार ठेवले होते, की माणसांनी ते घडविले?

मालदीव आपल्याला वाटतो तितका परका नाही. 'कवडीमोल' हा शब्द आपण रोज वापरतो, भवानीच्या आराध्यांच्या गळ्यांत कवड्यांची माळ असते; आणि जुन्या काळी हिंदुस्थानात नाणे म्हणून चालणाऱ्या कवड्यांचा फार मोठा वाटा या बेटांवरूनच येत असे. उथळ पाण्यात माडाच्या झावळ्या टाकून ठेवीत, त्यांना कवड्या चिकटत. मग त्या वाळूत पुरून आतील जीव कुजू देत आणि उरलेली शुभ्र कवडी गलबतांतून बंगालकडे धाडीत. परत येताना गलबतात तांदूळ असे. कारण या बेटांवर भात पिकत नाही. कवड्या, काथ्या आणि सुके मासे यांवर या लोकांनी शतकानुशतके संसार केला. पुढे युरोपीय व्यापाऱ्यांनी याच कवड्या पश्चिम आफ्रिकेत नेऊन त्यांच्या मोबदल्यात गुलाम विकत घेतले. लहान बेटे जगापासून अलिप्त असतात, ही समजूत किती पोकळ आहे ते यावरून दिसेल.

सन १३४३ मध्ये मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता येथे आला. त्याला काझीचे पद मिळाले, त्याने येथे लग्नेही केली. पण वजिराशी बिनसले आणि १३४४ मध्ये तो निघाला. वाटेत त्याला एक चिमुकले बेट लागले. त्यावर एकच घर होते. एक विणकर, त्याची बायको, मुलेबाळे, थोडे माड, काही केळी आणि मासेमारीसाठी एक होडी, एवढाच पसारा. इतके देश पाहिलेला हा माणूस लिहितो की, त्या विणकराचा आपल्याला हेवा वाटला. हे बेट आपले असते तर मरेपर्यंत येथेच राहिलो असतो. दोघांच्या बेटाचे स्वप्न सुमारे पावणेसातशे वर्षांपूर्वीचे आहे, ते असे. मात्र ते पाहणारा पाहुणा होता. विणकराला स्वप्न नव्हते. त्याला माग होता, जाळे होते आणि पोरांची पोटे होती.

आता विसाव्या शतकाकडे येऊ. १९६५ च्या २६ जुलैला मालदीव ब्रिटिशांच्या छत्रातून स्वतंत्र झाला, तेव्हा सुके मासे हाच त्याचा आधार होता आणि त्यांचे मुख्य गिऱ्हाईक श्रीलंका. परकीय चलनाच्या टंचाईमुळे त्या देशाने आयात आवरती घेतली आणि मालदीवचा आधार डळमळला. पर्यटन येथे चालणार नाही, असेच संयुक्त राष्ट्रांच्या पाहणी पथकाचे त्यापूर्वीचे मत होते. तरीही १९७२ मध्ये जॉर्ज कॉर्बिन या इटालियन गृहस्थाने प्रवाशांची पहिली तुकडी आणली आणि त्याच वर्षी विहामनाफुशी या निर्जन बेटावर 'कुरुंबा' हे पहिले विश्रामस्थान उघडले. कुरुंबा म्हणजे शहाळे. पहिल्या वर्षी सुमारे हजार पाहुणे आले. २०२४ साली ही संख्या २० लाखांवर गेली.

यामागची योजना साधी होती. देशात सुमारे १२०० बेटे; त्यांपैकी वस्तीची दोनशेच्या आत. निर्जन बेट सरकारने भाडेपट्ट्याने द्यावे आणि एका बेटावर एकच हॉटेल असावे. लोकवस्तीच्या बेटांवर मद्य निषिद्ध, हॉटेलच्या बेटावर त्याला मुभा. धर्मनिष्ठ समाजाच्या रीतिभातींना धक्का लागू नये आणि परकीय चलनही यावे, असा हा तोडगा. म्हणजे जोडप्याला जो एकांत मिळतो, तो कायद्याने आखलेला एकांत आहे. शिवाय निर्जन म्हणजे निरुपयोगी नव्हे. शेजारच्या गावांतील लोक अशा बेटांवर नारळ आणि सरपण गोळा करावयास जात.

या योजनेने देश गरिबीतून वर आला, हे मान्य केलेच पाहिजे. पण तिची झळही आहे. कचऱ्यासाठी १९९२ पासून थिलाफुशी येथे भर घालून एक बेटच करावे लागले. १९९८ मध्ये समुद्र तापला आणि प्रवाळ पांढरे पडून मेले. त्याच प्रवाळावर ही बेटे उभी आहेत. बहुतेक जमीन समुद्रसपाटीपासून एक मीटरही उंच नाही. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत ऐंशीहून अधिक माणसे दगावली. कंदोलुधू बेटावरील सारी वस्ती कायमची उठली. दुवाफारू बेटावर नवी घरे मिळेपर्यंत त्या कुटुंबांनी काही वर्षे तात्पुरत्या निवाऱ्यांत काढली. १७ ऑक्टोबर २००९ रोजी तेथील मंत्रिमंडळाने पाण्याखाली बैठक घेतली, ती गंमत म्हणून नव्हे. आपले घर बुडते आहे, हे त्यांना जगाला सांगावयाचे होते.

मग जोडप्यांनी तेथे जाऊ नये काय? असे आम्ही म्हणणार नाही. पाहुणा थांबला तर तेथील कितीतरी चुली थंड होतील. परंतु २००९ नंतर वस्तीच्या बेटांवरही छोटी अतिथिगृहे उघडण्यास परवानगी मिळाली आहे. चार दिवसांतला एखादा दिवस तेथे काढावा, मासळी उतरते तो धक्का पाहावा, दोन माणसांशी बोलावे. इब्न बतूताने हेवा केला तो विणकर एकांतात राहत होता खरा. पण त्याच्यापाशी होडी होती आणि वाटेल तेव्हा तो दुसऱ्या बेटावरील माणसांत जाऊ शकत होता. दोघांच्या सुखाला तेवढी एक होडी लागतेच.