संगणकाची कार्यप्रणाली आणि बऱ्हाणपूरचा रकार

बऱ्हाणपूर हे नाव मराठीत लिहू लागले की दुसऱ्याच अक्षरापाशी लेखणी किंचित अडखळते. तेथे 'र' अर्धा होऊन चंद्रकोरीसारखा 'ह'च्या डाव्या अंगास बसतो. हिंदीत हेच नाव 'बुरहानपुर' असे लिहितात. त्या लेखनात या आडव्या रकाराचे कामच पडत नाही. खुलताबादेस ज्यांची कबर आहे त्या शेख बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या नावावरून फारुकी सुलतानांनी तापीकाठी वसविलेल्या या नगरात आरंभापासून अनेक भाषा शेजारी नांदल्या. येथील जामा मशिदीत अरबी लेखाच्या जोडीने 1590 च्या सुमाराचा संस्कृत शिलालेखही कोरलेला आहे. दगडाने दोन्ही लिप्या मुकाट्याने स्वीकारल्या. संगणकाची गोष्ट निराळी आहे. तो एखाद्या अक्षरास नकार देऊ शकतो.

हा नकार किंवा होकार पुष्कळ अंशी कार्यप्रणालीवर अवलंबून असतो. कळ दाबली गेली हे जी यंत्रास कळविते, अक्षर पडद्यापर्यंत नेते आणि कोणता कागद कोठे ठेवला याची नोंद राखते, ती कार्यप्रणाली होय. विंडोज ही त्यांतील सर्वांत परिचित. गाईबरोबर दावे यावे तशी ती यंत्राबरोबर घरी येते. तेव्हा ग्राहकाने ती निवडली असे म्हणणे धाडसाचेच ठरेल.

वास्तविक भारतीय अक्षरांची व्यवस्था लवकर लागली होती. भारतीय मानक ब्यूरोने 1991 साली 'इस्की' नावाची संकेतावली प्रमाण म्हणून स्वीकारली आणि मराठीच्या आडव्या रकारासाठी तीत तरतूद होती. परंतु कचेऱ्यांत आणि छापखान्यांत वेगळेच घडले. शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी असे निरनिराळे टंक, म्हणजे फॉन्ट, प्रचारात आले आणि प्रत्येकाचा संकेत स्वतंत्र राहिला. पडद्यावर मराठी दिसे. पण अशा बहुतेक टंकांत आत साठविलेले असे ते रोमन अक्षरांचे संकेत. तो टंक नसलेल्या यंत्रावर कागद उघडला की निरर्थक चिन्हांची रांग पुढे येई. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' 1616 साली रायतूर येथे छापले गेले ते रोमन लिपीत, कारण देवनागरी छपाईची सोय तेथे नव्हती. पावणेचारशे वर्षांनंतर मराठीवर पुन्हा तीच पाळी यावी, ही विचित्र गोष्ट आहे.

पुढे युनिकोड या जागतिक संकेतावलीने हा गोंधळ मिटविण्याचा मार्ग दाखविला. विंडोज 2000 मध्ये तिच्या आधाराने देवनागरी आली आणि सोबत 'मंगल' हा टंक आला. त्याचे उपकार मोठे आहेत, हे नाकारता येणार नाही. मात्र त्यातील 'ल' दंडयुक्त आणि 'श' शेंडीफोड्या, म्हणजे हिंदी वळणाचे. महाराष्ट्र शासनाने 6 नोव्हेंबर 2009 च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' ठरवून दिले. परंतु त्या निर्णयाने परक्या कंपनीचा टंक कसा बदलावा? त्याची दुरुस्ती फक्त मालकच करू जाणे.

पर्यायी प्रणालींचे महत्त्व येथे दिसते. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 साली 'ग्नू' या मुक्त प्रणालीची घोषणा केली, आणि 1991 साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने 'लिनक्स'चा गाभा प्रसिद्ध केला. यांची मूळ संहिता कोणीही वाचावी, बदलावी व पुन्हा वाटावी, अशी मुभा परवान्यातच दिलेली आहे. रेड हॅट कंपनीने 2004 साली खुले केलेले 'लोहित' टंक याच वाटेने आले. पुढे 'लोहित देवनागरी' या एकाच टंकात मजकुराची भाषा मराठी असल्यास मराठी वळणाची अक्षरे योजण्याची सोय झाली. शेजारी राहणाऱ्या दोन भाषांना एकच लिपी कशी वापरता येते, याचे हे चांगले उदाहरण आहे. बऱ्हाणपुरासारख्या गावात, जेथे अर्ज हिंदीत आणि घरचे पत्र मराठीत लिहिले जाते, तेथे त्याचे मोल अधिक.

कामाच्या जागेचा प्रश्न मात्र इतका सोपा नाही. यंत्रमागाच्या धंद्यातील हिशेब ज्या टॅलीवर चालतो ती विंडोजसाठी लिहिलेली आहे, आणि छापखान्यांचे जुने साहित्य श्रीलिपीत अडकलेले. म्युनिक नगरपालिकेने 2003 साली लिनक्सकडे वळण्याचा निर्णय घेतला, सुमारे 15,000 यंत्रे त्यावर नेली, आणि 2017 साली परत विंडोजकडे जाण्याचे ठरविले. उलट केरळच्या शाळांनी मुक्त प्रणाली धरली ती सोडली नाही. शिक्षकांना आधी शिकविले, हे त्यांच्या यशाचे एक कारण असावे. सी-डॅकची 'बॉस' ही भारतीय प्रणालीही 2007 पासून उपलब्ध आहे.

घरी एवढी अडचण नसते. विंडोज 10 चा सर्वसाधारण आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, आणि विंडोज 11 ला लागणारी सुरक्षा-चकती अनेक जुन्या यंत्रांत नाही. अशी यंत्रे भंगारात घालण्यापूर्वी त्यांवर लिनक्स चालवून पाहण्यास एक पेनड्राइव्ह पुरतो. आधीची प्रणाली न पुसताही ही परीक्षा घेता येते. इन्स्क्रिप्ट कळफलक निवडावा, शिफ्टसह 'जे'ची कळ दाबून 'ऱ' उमटवावा, त्यास हलन्त जोडून पुढे 'हा' लिहावा, आणि गावाचे नाव नीट उमटते की नाही ते पाहावे.