धाबे, कौल, पत्रा : येडगाव परिसरातल्या छपरांची झीज

येडगाव कुकडी नदीच्या काठी, जुन्नर तालुक्यातल्या पावसाच्या दोन टोकांच्या मध्ये आहे. पश्चिमेला नाणेघाटाकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. पूर्वेला आणे-बेल्ह्याकडे जावे तसा तो पाचशेच्या आसपास येतो. घरावर काय घालायचे, ते पूर्वी बव्हंशी या पावसावरून ठरे. घाटाकडे उतरती गवती छपरे, पूर्वेला सपाट मातीची धाबी, मधल्या पट्ट्यात दोन्ही आणि ऐपतदाराच्या घरावर कौले.

धाब्यासाठी तुळयांवर काटक्यांचा थर, त्यावर पाला आणि वर माती चोपलेली असे. ही माती शेतातली काळी नसे. काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, म्हणजे गळण्याची सोय तिच्यातच असते. त्यासाठी जुन्या वस्तीच्या पांढरीतली राखट माती खणून आणत. ती इतकी फुगत नाही. तरीही दर पावसाळ्यात थोडी माती वाहून जाई, गवत उगवे, त्याच्या मुळांच्या वाटेने पाणी आत उतरे. म्हणून उन्हाळ्यात गवत उपटून नवा थर चोपावा लागे. एखादे वर्ष हे राहिले की पाणी थेट लाकडापर्यंत पोचायचे.

कौलांचा इतिहास महाराष्ट्रात फार मागे जातो. नेवासे आणि कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी इथल्या उत्खननांत सातवाहनकाळातली भाजलेली कौले मिळाली आहेत. त्यांना पाणी वळवणारे खोबण आणि खिळ्यासाठी भोके आहेत. जमिनीत पुरलेले कौल दोन हजार वर्षे टिकते आणि छपरावरचे काही दशकांत जाते, यात नवल नाही. पुरलेल्या कौलाला रोजचे ऊन लागत नाही आणि दरवर्षी भिजून वाळावेही लागत नाही.

जुन्या घरांवरची देशी कौले गावोगावचा कुंभार चाकावर घडवत असे. उभी नळी काढायची, ती लांबीत कापून दोन तुकडे करायचे, वाळवून आव्यात भाजायचे. छपरावर एक ओळ उताणी आणि तिच्या सांध्यावर दुसरी पालथी. खिळा नाही, चुना नाही. कौल आपल्या वजनावर बसलेले.

या कौलाचे आयुष्य आव्यातच बरेचसे ठरून गेलेले असे. गोवऱ्या आणि भुसकटाच्या आचेत उष्णता सगळीकडे सारखी नसते. कडेची कौले कच्ची राहतात. ती पाणी पितात आणि त्यांचे पापुद्रे सुटतात. जिथे आच जास्त, तिथे वेगळी अडचण. दख्खनच्या मातीत चुनखडीचे बारीक खडे फार. भाजताना त्यांचा कळीचुना होतो, पुढे ओल लागली की तो चुना फुगतो आणि कौलाचा टवका उडवतो. म्हणून गिऱ्हाईक कौल बोटाने वाजवून घेई: खणखणीत वाजले तर ठीक, बद्द वाजले तर बाजूला. ही परीक्षा भेगेला आणि कच्चेपणाला पुरते. पोटातला चुना मात्र पावसाळा आल्यावरच कळतो.

छपरावर चढलेल्या कौलाला पाणी, क्षार आणि शेवाळ असे तिघे छळतात. सच्छिद्र कौलात शिरलेले पाणी विरघळलेले क्षार पृष्ठभागाकडे आणते. पाणी उडते, क्षारांचे स्फटिक उरतात आणि वाढताना कौलाची पूड पाडतात. भिंतीला लोणा लागतो तसलाच हा रोग. सांध्यांत साचलेली धूळ नि पाने ओल धरून ठेवतात, तिथे शेवाळ रुजते आणि कौल वाळेनासे होते. पण देशी कौलारू घर बुडते ते बहुतेक वेळा कौल झिजून नव्हे, कौल सरकून. वारा, मांजर, वानरांची टोळी यांतले काहीही त्याला पुरते. एक कौल हलले की पाणी वाशावर पडते, वासा कुजतो, त्याच्यावरची ओळ खचते.

यावर उपाय म्हणजे मृगाआधीची शाकारणी. सगळी कौले उतरवायची, झाडायची, फुटकी काढायची आणि पाखे पुन्हा रचायचे. चुलीचा धूरही मदतीला असे; काजळी धरलेल्या वाशांना कीड कमी लागे. शाकारणी होत होती तोवर कच्चे कौलही चालून जाई.

मंगलोरी कौलांनी हे गणित बदलले. एकमेकांत अडकणारे कौल फ्रान्समध्ये अल्साससारख्या भागात १८४०च्या दशकात रूढ होऊ लागले होते. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने १८६५ मध्ये मंगळूरला त्याचा कारखाना काढला. हे कौल यंत्रात दाबलेले, जास्त आचेवर भाजलेले, कमी पाणी पिणारे. शंभर चौरस फुटांना सुमारे दीडशे कौले पुरतात. जुन्नरला रेल्वे आजही नाही, त्यामुळे ती इथे रस्त्यानेच आली. त्यांचे मरण वेगळ्या वाटेने येते: बहुधा कौलाआधी खालच्या रिपा कुजतात, आणि एक रीप वाकली की कौलांची अख्खी ओळ निसटते.

नंतर आला पत्रा. लोखंडी पत्र्याला जस्ताचा मुलामा असतो, तो लोखंडाच्या आधी स्वतः झिजतो. मुलामा संपला की गंज आधी धरतो तो कापलेल्या कडांना आणि खिळ्यांच्या भोकांना. तापून-निवून पत्रा रोज थोडा पसरतो नि आखडतो, त्यामुळे भोके रुंदावतात. पत्र्याला वजन नाही, हा त्याचा गुण आणि दोषही: ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात जुन्नर-आंबेगावमध्ये अनेक घरांचे पत्रे उडून गेले.

१९७०च्या दशकात येडगावचे धरण उभे राहिले. पाण्याबरोबर ऊस, टोमॅटो, द्राक्षे आली आणि पुढे स्लॅबची घरे. स्लॅब शाकारावा लागत नाही, या समजुतीनेच त्याचे नुकसान झाले. हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमधली क्षारता हळूहळू कमी करतो. तो परिणाम सळईपर्यंत पोचला की ओलीने सळई गंजते, फुगते आणि खालचे काँक्रीट ढलपे होऊन पडते. गच्चीवर डांबरी थर दिला तर उन्हाने डांबरातले तेलकट अंश उडतात, थर कडक होऊन तडकतो.  गळक्या गच्चीवर आता लोखंडी चौकट उभारून रंगीत पत्र्याचे शेड टाकतात. या पत्र्याचा रंग उन्हाने पांढरट पडतो आणि स्क्रूखालचे रबराचे वायसर कडक होऊन गळू लागतात, त्यामुळे ते पत्र्याच्या आधी बदलावे लागतात.